जुन्या गाडीच्या दाराची तयार अर्धी स्किन: पत्रा बरा, पण सगळा कस मुडपीचा

जुन्या गाडीचं दार खालून सडलं की तीन वाटा उरतात. अख्खं दार बदलायचं, बाहेरची अख्खी स्किन बदलायची, नाहीतर खालचा सडका पट्टा कापून तिथे बाजारात मिळणारी तयार अर्धी स्किन बसवायची. इथे परीक्षण आहे ते या तिसऱ्या वाटेचं आणि तिच्यासोबत लागणाऱ्या सामानाचं. अर्धी स्किन म्हणजे दाराच्या बाहेरच्या पत्र्याचा खालचा, साधारण २०० ते ३०० मिलिमीटर उंचीचा, मूळ आकारात दाबून काढलेला तुकडा. त्याच्या खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडा ९० अंशांत वळवून दिलेल्या असतात. आतल्या सांगाड्याची तळपट्टी वेगळी मिळते. मत आधीच सांगून टाकतो: खालून सडलेल्या बहुतेक दारांसाठी अर्धी स्किन हाच सगळ्यात शहाणा पर्याय आहे, मात्र तळपट्टीची अवस्था न बघता नुसती स्किन आणणाऱ्याला तेच काम काही पावसाळ्यांत परत करावं लागतं.

कारण दार बाहेरून सडत नाही, आतून सडतं. काचेला लागून जी रबरी पट्टी असते ती पाणी पुसते, अडवत नाही. काचेवरचं पाणी दाराच्या पोटात उतरणारच, आणि तळाच्या भोकांतून ते बाहेर पडावं अशीच दाराची रचना असते. धूळ, पालापाचोळा, रबराचा चुरा किंवा कोणीतरी मारलेला डांबरी लेप यांनी ती भोकं बुजली की पाणी तळाशी साचतं. नेमकी तिथेच स्किनची कड सांगाड्याच्या किनारीवर मुडपलेली असते. या मुडपीत पत्र्याचे तीन थर एकावर एक येतात: स्किन, मध्ये सांगाड्याची किनार, वर परत स्किन. मधली फट केसाएवढी. पाणी तिच्यात आपोआप ओढलं जातं आणि वारा लागत नसल्यामुळे वाळत नाही. जुन्या गाड्यांत कारखान्यातला रंग या फटीत धड पोचलेलाच नसतो, म्हणजे उघडं लोखंड ओल धरून बसलेलं. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो. म्हणून मुडप फुगते, कडेच्या रंगाला चीर जाते, आणि त्या चिरेतून आणखी पाणी शिरतं.

अशी एक मुडप उघडून जवळून बघावी. स्किनच्या पातळ पोळ्या सुटतात, आतली किनार करवतीच्या दात्यांसारखी खाल्लेली दिसते, आणि मध्ये तपकिरी-काळी भुकटी इतकी घट्ट दबलेली असते की ती टोच्याने उकरावी लागते. बाहेरून दिसणारा नखाएवढा फोड म्हणजे या सगळ्याचं शेवटचं टोक.

खरेदीआधी दाराची तपासणी

गंज किती वर चढलाय हे ठरल्याशिवाय कुठल्या उंचीचा तुकडा हवा ते कळत नाही. आतलं ट्रिम (दाराचं आतलं आवरण) आणि त्यामागचा प्लास्टिकचा पडदा काढा, टॉर्च मारा, आणि स्किनच्या आतल्या बाजूने टोच्याचं टोक जोर लावून दाबत वर या. टोक रुततं किंवा पोपडा उडतो तिथवर पत्रा गेलेला समजा; त्याच्या वर आणखी २० ते २५ मिलिमीटर चांगल्या पत्र्यात गेल्यावर कापायची रेघ येते. बाहेरून हातोडीच्या दांड्याने हलकं वाजवा. निरोगी पत्रा खणखणतो, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरलेला भाग बद्द वाजतो. लोहचुंबकावर पातळ कापड गुंडाळून फिरवलं की आधी कोणी लांबीने थापलेलं कुठवर आहे तेही समजतं. जुन्या दुरुस्तीत ठिगळावर ठिगळ मारलेलं सापडणं अगदी नेहमीचं आहे. तसं असेल तर मोजमाप त्या ठिगळांच्या वरून धरा.

गंज खालच्या १०० ते १५० मिलिमीटरमध्येच असेल तर अर्धी स्किनही पूर्ण वापरू नका. तिच्यातून लागेल तेवढाच पट्टा कापून घ्या. वरच्या काचेच्या कडेला किंवा हँडलच्या भोवतीही गंज असेल, किंवा मधला भाग जुन्या ठोकाठोकीने ताणला गेलेला असेल, तर अर्धी स्किन सोडा आणि पूर्ण घ्या.

पत्रा हातात आल्यावर

पहिलं माप जाडीचं. बहुतेक जुन्या मोटारींची मूळ स्किन ०.८ ते १ मिलिमीटर असते. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा क्रमांक; अमेरिकन पोलादी मोजणीत २० गेजचा पत्रा ०.९१ आणि २२ गेजचा ०.७६ मिलिमीटर भरतो. व्हर्नियरने मोजताना एका कोपऱ्यातला लेप खरवडून मोजा, नाहीतर लेपाची जाडीही मापात येते. फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. मूळ ०.९ च्या जागी ०.७ चा पत्रा आला तर त्याचा ताठपणा निम्म्याहूनही कमी राहतो. असा पत्रा हाताने दाबला की टक्‌कन आत जातो आणि सोडला की टक्‌कन बाहेर येतो, वेल्डिंगला भोकं पडतात ती वेगळीच. स्वस्त तुकड्यांची सगळ्यात मोठी खोट हीच, आणि ती नंतर कशानेही भरून निघत नाही.

दुसरं, पोट. दार सपाट दिसलं तरी वरून खाली त्याला हलका फुगार असतो. कापायच्या आधीच मूळ दारावर जाड पुठ्ठा उभा धरून त्याचा वक्र कापून घ्या: पुढच्या कडेपासून १५० मिलिमीटरवर एक, मधोमध एक, मागच्या कडेपासून १५० मिलिमीटरवर एक. दुसरं दार धड असेल तर साचे त्यावरून घ्या, फक्त उलटे धरा. हे तीन साचे नव्या तुकड्याला लावून बघा. २ मिलिमीटरपर्यंतचा फरक हाताने काढता येतो. त्याहून जास्त असेल तर तुकडा परत करा, लांबी भरून जमवून घेऊ असं मनातही आणू नका.

तिसरं, वळवलेली कड. ती सरळ रेषेत आहे का, उंची सगळीकडे सारखी आहे का, आणि वळणाची धार कशी आहे. मूळ मुडप १० ते १२ मिलिमीटर असते. कड ८ च्या खाली असेल तर ती किनारीला नीट धरत नाही. १५ असेल तर कोपऱ्यांवर सुरकुत्या पडतात, ती कापून कमी करावी लागते. वळणाची गोलाई मूळ दाराशी जुळली पाहिजे. बोजड गोल कडेचा तुकडा बसवल्यावर दाराखालच्या गाडीच्या पट्टीशी असलेली फट रंगानंतर डोळ्यांत खुपते. चांगले तुकडे आणि नुसते चालून जाणारे तुकडे यांतला फरक मुख्यतः या कडेतच दिसतो, आणि विक्रीच्या फोटोत ती कड सहसा दाखवलेली नसते. मागवण्याआधी कडेचा फोटो मागा.

चौथं, काळा लेप. काही तुकड्यांवर खरा, भट्टीत पक्का केलेला लेप असतो, काहींवर फक्त वाहतुकीत गंज लागू नये म्हणून फासलेला रंग. थिनरमध्ये बुडवलेलं कापड अर्धा मिनिट घासा. कापड काळं झालं तर तो वाहतुकीचा रंग. पूर्ण काढून टाका, त्यावर प्रायमर मारू नका. कापड स्वच्छ राहिलं तर लेप ठेवा आणि वरून फक्त घासून खरखरीत करा.

जस्ताचा मुलामा असलेले तुकडेही मिळतात. गंजाविरुद्ध ते चांगले, पण वेल्डिंगला त्रासदायक. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात, त्यामुळे जोड लागायच्या आत जस्ताची वाफ होते. जोडात पोकळ्या राहतात आणि तो धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. असा तुकडा घेतला तर सांध्याच्या दोन्ही अंगांना २० मिलिमीटर जस्त घासून काढा, हवा खेळती ठेवा आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क लावा. जुना रंग घासतानाही मास्क हवाच, त्यात शिसं असू शकतं.

आधी सांगाडा

दार सोडवण्याआधी बिजागऱ्यांची जागा अणकुचीदार टोकाने ओरखडून ठेवा, दाराभोवतीची फट चारही बाजूंनी मोजून लिहा. बॅटरी काढा. काच, रेग्युलेटर (काच वरखाली करणारी यंत्रणा), कुलूप बाहेर काढा, आणि काच वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेला चिकटून बसतात आणि त्यांचे खड्डे कधी जात नाहीत.

स्किन कापण्याआधी दाराचे दोन्ही कर्ण मोजा आणि आतल्या बाजूने लोखंडी पट्टीचा एक आडवा आणि एक तिरका टेकू वेल्डिंगच्या टाक्यांनी लावून घ्या. स्किन ही दाराचा ताण घेणारी भिंत आहे. ती खालून कापली की सांगाडा पिळवटतो, आणि पिळलेल्या सांगाड्यावर नवी स्किन मुडपली की पीळ कायमचा होतो. मग दार वरून बाहेर आणि खालून आत बसतं, आणि लोक बिजागऱ्यांना दोष देत बसतात.

जुनी मुडप सोडवायला ग्राइंडर कडेच्या धारेवर चालवा, सपाट भागावर नाही. धार घासत घासत स्किनची बाहेरची आणि मुडपलेली बाजू वेगळी झाली की थांबा. चकती पुढे गेली तर किनार कापली जाते. मुडपीतले स्पॉट (ठिपक्यांसारखे वेल्डिंगचे जोड) शोधून ड्रिलने सोडवा. आता सांगाड्याची खरी अवस्था दिसेल. किनार कागदासारखी झाली असेल तर तळपट्टी बदलायचीच, आणि ती एका दमात बदलू नका. आधी पुढचा अर्धा भाग कापून नवा लावा, कर्ण परत मोजा, मग मागचा अर्धा. सांगाड्याला १ ते १.२ मिलिमीटरचा पत्रा योग्य.

तयार तळपट्टीत एक दोष वारंवार दिसतो: निचऱ्याची भोकं कमी असतात, लहान असतात, किंवा तळाच्या सगळ्यात खोल जागेपासून थोडी वर असतात. पाणी जिथे शेवटी थांबतं तिथे ८ ते १० मिलिमीटरची किमान तीन भोकं हवीत, दोन टोकांना आणि मध्ये. कमी असतील तर वेल्डिंगच्या आधीच पाडा आणि कडा गुळगुळीत करा. रंगानंतर पाडलेल्या भोकाची कच्ची कड म्हणजे गंजाला आवतण.

किनारीचा उरलेला गंज काढायला वाळूचा मारा चालतो, पण सांगाड्यापुरताच आणि कमी दाबाने. सपाट स्किनवर तो मारला की पत्रा ताणतो आणि लाटा उमटतात. आम्लाच्या टाकीत अख्खं दार बुडवून घेण्याची सेवा काही जण सुचवतात. मुडपीत आणि दुहेरी पत्र्यात शिरलेलं आम्ल पूर्ण धुतलं जात नाही आणि महिन्यांनी रंगाखालून फुटतं. मुडप उघडलेली, सगळे जोड सुटे असतील तरच ती वाट विचारात घ्या.

गंज बदलणारी द्रावणं

या बाटल्यांकडून अपेक्षा अवाजवी असतात. त्यांत मुख्यतः दोन प्रकार. फॉस्फोरिक आम्लाची द्रावणं गंजाचं लोह फॉस्फेट करतात. टॅनिक आम्लाची द्रावणं त्याला काळपट-निळ्या टिकाऊ थरात बदलतात. दोन्ही पातळ, घट्ट धरलेल्या गंजावर छान काम करतात. पोपड्यांवर ओतली की फक्त वरचा थर बदलतो, खाली कोरडा गंज तसाच. म्हणून आधी वायर ब्रश आणि खरवडणी, मग द्रावण.

दुसरी चूक जास्त महाग पडते. फॉस्फोरिक आम्लाचा अंश राहिला आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर मारला तर प्रायमर नीट पक्का होत नाही, आठवड्याभराने नखाने सोलला जातो. आम्ल पृष्ठभागावर वाळू देऊ नका, उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे निष्प्रभ करून धुवा, गरम हवेने वाळवा. शक्य तिथे आमची पसंती सरळ आहे: उघडा, घासलेला, चकचकीत पत्रा आणि त्यावर थेट इपॉक्सी. द्रावण फक्त जिथे हत्यार पोचत नाही अशा खाचांपुरतं.

सांधा कुठे आणि कसा

अर्धी स्किन ३०० मिलिमीटरची मिळाली म्हणून सांधा ३०० वर घेऊ नका. दाराचा मधला सपाट भाग ही वेल्डिंगसाठी सगळ्यात वाईट जागा, कारण तिथे पत्र्याला स्वतःचा आकार नाही. दारावर दाबलेली रेघ किंवा कंगोरा असेल तर त्याच्या ८ ते १० मिलिमीटर खाली सांधा घ्या, तो कंगोरा पत्र्याला ताठ धरतो. अजून एक गोष्ट तपासा: आतल्या सांगाड्याच्या मोठ्या भोकातून हात घातल्यावर डॉली (ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) त्या रेषेपर्यंत पोचते का. पोचत नसेल तर सांधा वर-खाली सरकवा. मागून आधार न मिळणारा जोड ठोकून सरळ करता येत नाही, आणि मग सगळं लांबीवर येतं.

तुकडा चढवून बसवण्याची पद्धत, म्हणजे एका पत्र्याला पायरी पाडून दुसरा वर ठेवणं, सोपी आहे आणि बरेच जण तीच करतात. दाराच्या स्किनसाठी आम्हाला ती पसंत नाही. मागे दुहेरी पत्र्याची फट राहते, म्हणजे जी भानगड खाली मुडपीत होती तीच वर तयार केली. शिवाय दुहेरी जाडी उन्हात वेगळी तापते आणि रंगावर आडवी रेघ उमटते. गडद रंगात ती लांबूनही दिसते. कडेला कड भिडवून जोडा. दोन्ही कडांमध्ये ०.५ ते ०.८ मिलिमीटर फट ठेवा, तारेएवढी, पातळ पत्र्याच्या क्लॅम्पनी धरा.

मिगला (तार आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग) ०.६ मिलिमीटर तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण घ्या. आधी त्याच जाडीच्या कातरणावर सेटिंग जमवा. ९०० मिलिमीटरच्या सांध्यात पहिले सात टाके १५० मिलिमीटर अंतराने, मग प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये एक, मग परत त्यांच्या मध्ये एक, असं भरत जा. एक टाका साधारण ५ मिलिमीटर धरला तर अख्खा सांधा भरायला १८० च्या आसपास टाके लागतात. एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, आणि प्रत्येकानंतर बोट टेकवता येईल इतका पत्रा निवू द्यायचा. कंटाळा येतो, आणि कंटाळा आला तिथेच काम बिघडतं. ९०० मिलिमीटरचा पत्रा १०० अंशांनी तापला तर तो सुमारे १.१ मिलिमीटर लांबायला बघतो. बाजूचा थंड पत्रा त्याला लांबू देत नाही, म्हणून तो फुगतो, आणि निवताना मूळ मापापेक्षा आखडतो. तेच आखडणं म्हणजे सांध्याच्या दोन्ही अंगांना दिसणारी खळी. ती काढायला टाका घासून सपाट करा, मागे डॉली धरा आणि टाक्यावरच हलके ठोके द्या, म्हणजे आखडलेला पत्रा परत ताणला जातो. मिगचा टाका कडक असतो, त्याला जास्त ठोके लागतात. टिगने (टंगस्टनच्या टोकाने, तार हाताने घालून करायचं वेल्डिंग) केलेला जोड मऊ राहतो आणि ठोकायला सुंदर येतो. हात बसला असेल तर टिगच घ्या. ओल्या कापडाने झटपट थंड करण्याचा मोह आवरा.

वेल्डिंगच्या जागी कधीही क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसू नका. त्याचा अंश वेल्डिंगच्या विजेच्या कमानीच्या उष्णतेत फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार करतो.

चिकटवणं आणि मुडपणं

मुडपीसाठी दोन घटकांचं पॅनेल अॅडहेसिव्ह आम्ही मनापासून सुचवतो. स्पॉट वेल्डिंगने मुडप धरते, पण फट मोकळी राहते. अॅडहेसिव्ह फट भरून टाकतं, म्हणजे पाण्याचा शिरकावच बंद. वरच्या आडव्या सांध्याला मात्र ते नको, कारण त्याला पत्रा चढवून बसवावा लागतो आणि रेघेचा प्रश्न परत येतो.

क्रम असा जमतो. तुकडा क्लॅम्पवर धरून दार गाडीला लावा, फटी मोजून लिहिलेल्या मापांशी ताडून बघा, पीळ नाही ना ते बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत ४ ते ५ मिलिमीटरची सारखी फट चांगली दिसते. जागा ओरखडून दार खाली घ्या. स्किनची आतली बाजू आणि सांगाडा यांना इपॉक्सी मारा, पण चिकटवायचा साधारण १५ मिलिमीटरचा पट्टा आणि सांध्याजवळचा २० मिलिमीटरचा पट्टा टेप लावून उघडा ठेवा. चिकटवायचा पट्टा ८० नंबरच्या घासायच्या कागदाने चकचकीत करा. कार्ट्रिजवर नळी लावण्याआधी थोडं दाबून दोन्ही घटक सारखे येतायत ना ते पाहा. नळी लावल्यावरही पहिली पाच-सहा सेंटिमीटर पेस्ट कागदावर काढून फेका, ती नीट मिसळलेली नसते. किनारीच्या दोन्ही अंगांना सलग रेघ ओढा आणि पसरून उघडा पत्रा पूर्ण झाका. बाजूच्या कडांवर सांध्यापासून ५० मिलिमीटर जागा पेस्टविना सोडा, वेल्डिंगच्या उष्णतेने ती जळते.

मग तुकडा चढवा, वरच्या सांध्याला ते पहिले सात टाके घाला आणि मुडपायला घ्या. बाहेरून डॉली, तिच्यावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर, आतून हातोडी. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे २५-२५ मिलिमीटर सरकत पहिल्या फेरीत कड ९० वरून ६० अंशांवर आणा, दुसरीत ३० वर, तिसरीत सपाट. एकाच फेरीत खाली पाडली की बाहेरच्या कडेला लाट येते. कोपऱ्यावर जादा पत्रा जमतो, तिथे आधीच छोटी त्रिकोणी खाच मारा. शेवटच्या फेरीत हात आवरा. फार कुटलं की पेस्ट सगळी पिळून बाहेर येते आणि फट कोरडी राहते. अनेक पेस्टमध्ये ठरावीक जाडी राखायला बारीक काचमणी घातलेले असतात, ते काम करतील एवढी जागा त्यांना द्या. बाहेर आलेली पेस्ट ओली असतानाच पुसा आणि निचऱ्याच्या भोकांत काडी फिरवा.

मुडपायचा हाताचा पक्कड किंवा रोलर घ्यावा का? सरळ कडेवर वेळ वाचतो आणि पेस्ट वाळायच्या आत काम उरकतं, ही त्याची खरी जमेची बाजू. वळणांवर तो घसरतो आणि दर दाबाला एक बारीक खूण ठेवतो. एकच गाडी करायची असेल तर हातोडी-डॉली पुरते. पेस्ट पूर्ण पक्की झाल्यावर, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशी, वरच्या सांध्याचे उरलेले टाके पूर्ण करा.

लेप, लांबी, मेण

सांध्याची मागची बाजू विसरली जाते. वेल्डिंगने तिथला लेप जळलेला असतो. आतल्या भोकातून हात घालून वायर ब्रश मारा आणि ब्रशनेच इपॉक्सीचे दोन हात द्या. वेल्डिंगमधून चालणारा जस्त किंवा तांब्याचा प्रायमर स्पॉटच्या जागी ठीक, पण कमानीजवळ तो जळून जातो. त्याला गंजरोधक लेप समजू नका.

बाहेर लांबी २ ते ३ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, आणि ती इपॉक्सीवर भरा. पॉलिस्टर लांबी ओल शोषते. पत्र्यात कुठे सुईएवढं भोक राहिलं असेल तर मागून पाणी पिऊन फुगते. टॉर्च आत धरून अंधारात बाहेरून बघितलं की अशी भोकं लगेच दिसतात. मुडपीच्या कडेवर पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमरचा सीलर लावा. घरगुती सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही आणि काही प्रकारांतून सुटणारं आम्ल पत्र्याला खातं.

पोकळीत मारायचं मेण सगळ्यात शेवटी, रंग पूर्ण पक्का झाल्यावर. आधी मारलं तर ते रंगाच्या बूथच्या उष्णतेत ओघळतं आणि कडेच्या रंगात फिशआय (माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे) पडतात. चहूबाजूंना फवारणारी लांब नळी घ्या, ती तळाशी टोकापर्यंत घालून हळूहळू ओढत बाहेर आणा. मुडपीत झिरपणारं पातळ मेण पहिल्यांदा, जाड मेण दुसऱ्यांदा, असे दोन हात दिले तर उत्तम. डबा थंड असेल तर कोमट पाण्यात ठेवा, मेण नीट पसरतं.

कोणाला हा माल नको

अॅल्युमिनियमची स्किन आणि पोलादी सांगाडा असलेल्या दारांना, जशी जुन्या सीरिज लँड रोव्हरची, ही पद्धत जशीच्या तशी लागू नाही. तिथे दोन धातू ओलीत एकमेकांना लागून अॅल्युमिनियम पांढरं पडून भुसभुशीत होतं. मध्ये धातू एकमेकांना टेकू न देणारा थर हाच मुख्य इलाज. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या दारावर पुढच्या छोट्या काचेच्या बुडाशी येणारी चीरही वेगळी. ती ताणाने पडते, गंजाने नाही, आणि खालची अर्धी स्किन तिच्यापर्यंत पोचतच नाही.

बाकीच्यांनी दार परत बांधताना नव्या रबराबरोबर प्लास्टिकचा पडदाही नवा लावावा. त्याचं खालचं टोक सांगाड्याच्या भोकातून दाराच्या पोटात खोचलेलं हवं, ट्रिमच्या बाजूला बाहेर नको. मग काच वर करून तिच्या कडेने अर्धा लिटर पाणी सावकाश ओता आणि खाली बघा. तिन्ही भोकांतून पाणी आलं पाहिजे. एक जरी कोरडं राहिलं तर मेणाने ते बुजवलंय. तार घालून मोकळं करा आणि परत ओतून बघा.